आग राखणाऱ्यांची नावं

ओडेल मिम्सच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली तेव्हा सीडर बेंड गावातल्या निम्म्या लोकांनी त्याच्या जिवासाठी प्रार्थना केली आणि उरलेल्या निम्म्यांनी त्याच्या हातच्या ब्रिस्केटसाठी. हे त्याच्या कानावर गेलं तेव्हा तो रागावला नाही, उलट खूष झाला. टेक्सासात माणसाने याहून जास्त काय कमवायचं असतं?

पण घरी आल्यावर डॉक्टरांचं फर्मान निघालं. ओंडके उचलायचे नाहीत, धुरात बसायचं नाही आणि जागरण तर मुळीच नाही. म्हणजे थोडक्यात जगायचं नाही, असा ओडेलने त्याचा अर्थ घेतला. त्याची मुलगी इव्हेट जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नर्स होती. तिने फर्मानाचा कागद फ्रीजवर चिकटवला आणि परसातल्या भट्टीजवळची लाकडं शेजाऱ्याकडे पाठवून दिली. बापलेकीत मग आठवडाभर अबोला होता.

ती भट्टी म्हणजे मिम्सांचा मानबिंदू. तेलविहिरीच्या जाड लोखंडी नळाचं आडवं पिंप, एका टोकाला जाळाची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं. बैलाच्या छातीचा अख्खा तुकडा, म्हणजे ब्रिस्केट, तिच्यात रात्रभर ओकच्या धुरावर ठेवायचा आणि माणसाने शेजारी खुर्ची टाकून लाकूड सारत बसायचं. आच वाढली तर मांसाचं चामडं, उतरली तर रबर. जूनटीन्थला, म्हणजे गुलामीतून सुटकेच्या दिवशी, सगळे मिम्स ओडेलच्या परसात जमत ते याच मांसासाठी.

आणि नावांसाठी. मिम्सांकडे अशी रीत होती की जेवणाआधी, ज्याने मांस शिजवलं त्याने टेबलाच्या टोकाशी उभं राहून आग राखणाऱ्यांची नावं घ्यायची. सुरुवात इझिकिएलपासून. हा इझिकिएल मालकाच्या मळ्यावर खड्डा खणून बैलच्या बैल भाजायचा आणि त्याच्या ताटात त्यातलं हाडसुद्धा पडायचं नाही. सुटका झाल्यावर त्याने पहिला खड्डा खणला तो स्वतःच्या पोराबाळांसाठी. प्रत्येक नावानंतर सगळं गणगोत एका आवाजात म्हणायचं, "इथेच आहे!" शेवटी शिजवणाऱ्याने आपलं नाव आपल्या तोंडाने घ्यायचं. त्या यादीत आजवर एकही बाई नव्हती. बायका सॅलड करत, शेंगा शिजवत, केक भाजत आणि "इथेच आहे" म्हणायला सगळ्यांच्या पुढे असत.

इव्हेटला लहानपणापासून त्या टोकाशी उभं राहायचं होतं. चव्वेचाळीस वर्षांची झाली, दोन मुलं कॉलेजात गेली, तरी ती इच्छा काही गेली नाही. ती कुणाला बोलून दाखवली नव्हती एवढंच.

ईस्टरच्या जेवणाला ती बोलली, कारण बोलणं भाग पडलं. ओडेलचा धाकटा भाऊ हर्शेल वेकोहून आला होता. पोटभर जेवून पट्टा सैल केल्यावर त्याने विषय काढला.

"यंदा जूनटीन्थ माझ्याकडे करू. ओडेल आता आराम करील. आग मी राखतो."

"आयत्या बिळावर नागोबा," ओडेल पुटपुटला.

"मी करीन," इव्हेट म्हणाली. "इथेच. आपल्या परसात."

टेबलावर हसू पसरलं.

"अगं पोरी," हर्शेल म्हणाला, "तू बटाट्याचं सॅलड कर. तुला छान जमतं ते."

"काका, गेल्या वर्षी त्या सॅलडात मनुके होते. ते मी घातले नव्हते, काकूंनी घातले होते."

बटाट्याच्या सॅलडात मनुके घालणं हा मिम्सांच्या लेखी जवळजवळ गुन्हाच. हर्शेलची बायको खिडकीबाहेर बघू लागली. पण ओडेल हसला नाही.

"आणि रात्रभर आग कोण सारणार?" त्याने विचारलं. "दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात पेंगत सुया टोचणार का लोकांना?"

"पेलेट स्मोकर घेईन म्हणते."

चर्चमध्ये कुणी शिवी दिली असती तरी इतकी शांतता झाली नसती. पेलेट स्मोकर म्हणजे काय ते टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक गोळ्या एका पेटीत भरायच्या. आतला फिरता स्क्रू त्या चिमूट चिमूट जाळात ढकलतो, पंखा वारा घालतो, आणि तुम्ही सांगाल ती आच यंत्र धरून ठेवतं. तुम्ही खुशाल झोपा.

"प्लग लावून जे शिजतं त्याला टोस्ट म्हणतात," ओडेल म्हणाला.

"डॅडी..."

"नाही, मला सांग. आग कोण राखणार त्यात? वीज कंपनी. मग नावं घेताना शेवटी कुणाचं घ्यायचं? वीज कंपनीचं?"

आता हर्शेल टेबलावर हात आपटत हसत सुटला. इव्हेटचा चेहरा तापला, पण ती मागे सरली नाही. बापाचंच रक्त होतं.

"आच कुणी धरली ते बघू नका. मांस कुणी केलं ते बघा. खाऊन झाल्यावर ठरवा माझं नाव घ्यायचं की नाही."

ओडेलने बराच वेळ काटा ताटावर फिरवला. त्याला हर्शेलच्या परसातही जेवायला जायचं नव्हतं. "आण काय आणायचं ते," तो शेवटी म्हणाला. "ठरवणार मात्र मी."

*

स्मोकर घ्यायला इव्हेट निघाली तेव्हा ओडेल आधीच गाडीत बसला होता, मांडीवर कागदी पिशवी घेऊन.

"तुम्ही कशाला?"

"मी नुसता हसायला येतोय."

मिसेस कुबेनाचं दुकान गावाच्या वेशीवर होतं. खिळ्यांपासून कोंबड्यांच्या दाण्यापर्यंत सगळं मिळायचं. बाईंच्या माहेरी तीन पिढ्या चेक पद्धतीचे सॉसेज धुरावर करत, त्यामुळे धुरातलं त्यांना कळत होतं आणि ओडेलच्या तोऱ्याचीही त्यांना सवय होती. दुकानापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन स्मोकर मांडलेले होते.

ओडेलने पहिल्याच्या झाकणावर बोटाच्या सांध्याने टकटक केलं. "हा पत्रा आहे की कांद्याचा पापुद्रा?"

"हलका आहे, मिस्टर मिम्स. लोक सहलीला नेतात," मिसेस कुबेना म्हणाल्या.

"वाराही नेईल."

दुसरा मोठा होता. लखलखीत, जाड भिंतींचा, पुढच्या बाजूला छोटा पडदा. "हा फोनवरून चालतो. तुम्ही चर्चमध्ये बसून आच कमीजास्त करू शकता."

"माझ्या फोनवरून मला माझ्या मुलीला फोन लावता येत नाही, मॅडम. आणि चर्चमध्ये बसून मी आचेचा विचार करतो तो वेगळ्या आचेचा."

तिसरा काळा, बसका, दिसायला भंगारातल्या पिंपासारखा. झाकण मात्र असं जड की उचलताना इव्हेटला दोन्ही हात लावावे लागले. चरबी कुठे गळते, राख कुठून काढायची, पाऊस आला तर गोळ्यांची पेटी भिजते का, ती एकेक विचारत होती. ओडेल मागे उभा राहून ऐकत होता आणि नाकाने कांदे सोलत होता. मग त्याने कागदी पिशवी उघडली. आत डब्यातल्या कच्च्या पिठाची बिस्किटं होती, भाजली की पावासारखी फुगणारी. प्रत्येक स्मोकरला एक डबा.

"पेटवा तिन्ही," तो म्हणाला.

"मिस्टर मिम्स, हे दुकान आहे, बेकरी नव्हे."

"तुमच्या वडिलांनी न चालवता घोडा घेतला होता का कधी?"

"घेतला होता."

"मग?"

"आंधळा निघाला." मिसेस कुबेनांनी सुस्कारा टाकला आणि आतल्या माणसाला वायर आणायला सांगितली.

जाळी बिस्किटांनी भरून टाकायची आणि कुठलं करपतं, कुठलं कच्चं राहतं ते बघायचं, की भट्टीचा स्वभाव कळतो. ओडेल नवीन भट्टी कुणाचीही असो, आधी हेच करायला लावायचा. झाकणं बंद झाली आणि शेडमध्ये लोण्याचा वास पसरला. दाणा घ्यायला आलेले शेतकरी थांबले. खिळे घ्यायला आलेला पास्टर थांबला. मिसेस कुबेनांनी कपाटातून पीचच्या मुरंब्याची बाटली काढली, आणि धंद्याची सकाळ वाया गेली तरी त्या मनातून खूष दिसत होत्या.

पहिल्या स्मोकरमधली निम्मी बिस्किटं कोळसा झाली होती आणि निम्मी पांढरीफटक. त्याला कुणी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्यातली सगळी एकसारखी सोनेरी, जणू छापून काढलेली. तिसऱ्यातली बरी होती, पण डाव्या मागच्या कोपऱ्यातली चारपाच गडद झाली होती आणि उजवीकडे जावं तसा रंग फिका होत गेला होता.

ओडेलने चकचकीत स्मोकरच्या पाठीवर हात ठेवला. "हा घे. यंत्रच घ्यायचं तर शहाणं घ्यावं."

"मी हा घेतेय," इव्हेट काळ्यापाशी उभी होती.

"त्याचा कोपरा जाळतो. दिसत नाही का?"

"दिसतो म्हणूनच. ब्रिस्केट काय सगळीकडे सारखं असतं का, डॅडी? एक बाजू जाड, चरबीची, एक पातळ. सगळीकडे सारखी आच लागली तर जाड शिजेपर्यंत पातळ बाजूचं चामडं होईल. जाड तोंड त्या कोपऱ्याकडे करायचं, पातळ इकडे. तुमच्या भट्टीत तुम्ही जाड तोंड नेहमी जाळाकडेच करता."

ओडेलच्या हातात बिस्किट होतं, ते हातातच राहिलं. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही मला कॉफी आणायला पाठवायचात ना, ती देऊन झाली की मी लगेच घरात जायची नाही."

पास्टर खाकरला. मिसेस कुबेना मुरंब्याचं झाकण लावण्यात गुंतल्या. ओडेलने बिस्किट अख्खं तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि मग मिसेस कुबेनांकडे वळून विचारलं, "हा काळा गाडीत चढवायला माणूस आहे का तुमच्याकडे?"

कौतुक करायची वेळ आली की ओडेल मिम्स विषय बदलायचा. इव्हेटला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून घरी पोचेपर्यंत ती गाडी चालवत स्वतःशीच हसत होती.

*

मे महिना सरावात गेला. इव्हेटने कोंबड्या केल्या, फासळ्या केल्या, एक ब्रिस्केट केलं ते चांगलं झालं आणि एक केलं ते कुत्र्याने आनंदाने खाल्लं. ओडेल व्हरांड्यातून शेरे मारायचा. धूर दिसत नाही म्हणायचा. इव्हेट म्हणायची, पातळ निळा धूर दिसत नाही तोच खरा, हे तुम्हीच गावभर सांगत फिरता. मग तो घरात जाऊन टीव्ही मोठा करायचा.

जूनटीन्थ तोंडावर आला आणि घात झाला. इव्हेटने चर्चसाठी कोंबड्या लावल्या होत्या आणि हॉस्पिटलातून तातडीचं बोलावणं आलं.

"डॅडी, कोंबड्या झाल्या की काढा आणि हे बटण दाबा. पंखा बराच वेळ फिरत राहील, फिरू द्या. तो थांबेपर्यंत प्लगला हात लावायचा नाही."

"मला काय कळत नाही का?"

कळत होतंच. पण चाळीस वर्षांचा शिरस्ता असा की काम संपलं की आग मारायची, हवा तोडायची आणि हात धुवायचे. ओडेलने कोंबड्या काढल्या आणि सरळ प्लग उपसला. पंखा बंद पडला, जाळ मात्र आत तसाच. त्याला पुढे वाट मिळेना म्हणून तो मागे सरकला, स्क्रूच्या नळीतून गोळ्यांच्या पेटीकडे. थोड्या वेळाने पेटीतून धूर यायला लागला. ओडेलने उभ्या जन्मात आगीला भ्यायलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण ही आग त्याच्या ओळखीची नव्हती. त्याने बागेची नळी ओढत आणली आणि पेटी काठोकाठ भरेपर्यंत पाणी मारलं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. जाळ होता नळीत, तो आपोआप विझत आला होता. भिजल्या त्या पेटीतल्या चांगल्या गोळ्या. त्या टम्म फुगल्या, त्यांचा लगदा झाला, लगदा नळीत घुसला, आणि जूनच्या उन्हात त्याचा दगड झाला.

इव्हेट परतली तेव्हा ओडेल व्हरांड्यात बसला होता, टोपी गुडघ्यावर.

"तुझ्या यंत्रात लापशी झालीय," तो म्हणाला.

तिने जाऊन पाहिलं. स्क्रू जागचा हलत नव्हता. ती परत आली तेव्हा तिचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला.

"एक गोष्ट सांगितली होती. एकच! तुम्हाला हे बिघडायलाच हवं होतं, डॅडी. पहिल्या दिवसापासून हवं होतं!"

ओडेल टोपीची कड चोळत बसला. तो नेहमी उत्तर द्यायचा, म्हणून ती आणखीनच चिडून घरात गेली. संध्याकाळपर्यंत बातमी वेकोला पोचली होती. हर्शेलचा फोन आला. गाडीला जोडून त्याची भट्टी घेऊन येतो म्हणाला, पोरीने वाईट वाटून घेऊ नये, यंत्राचा काय भरवसा. इव्हेटने "उद्या सांगते" म्हणून फोन ठेवला आणि भांडी आपटत घासली.

सकाळी ठोकाठोकीच्या आवाजाने ती बाहेर आली. ओडेल त्याची जुनी अवजारांची पेटी घेऊन स्मोकरपाशी उभा होता. निवृत्त होईपर्यंत तो रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. पण छातीच्या टाक्यांमुळे त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून नुसताच उभा राहून तो पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता.

"मुद्दाम नाही केलं मी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"माहितेय मला."

"मग ओरडलीस का?"

"कुणावर तरी ओरडायचं होतं. तुम्ही जवळ होतात." ती गवतावर पाठ टेकून यंत्राखाली सरकली. "कुठला बोल्ट आधी?"

त्याने सांगायचं आणि तिने सोडवायचं, असं चाललं. स्क्रू मागच्या बाजूने खेचून काढला, छिन्नीने नळी खरवडली, तपकिरी दगडाचे तुकडे तिच्या केसांत आणि कानात गेले. ऊन चढलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं ओडेलचं चाललंच होतं. "माझ्या भट्टीला असला स्क्रू नाही."

"तुमच्या भट्टीला तुम्हीच स्क्रू होतात, डॅडी," यंत्राखालून आवाज आला. "रात्रभर आपलं लाकूड ढकला, लाकूड ढकला."

ओडेल हसायला लागला. हसताना टाके ओढले म्हणून छाती दाबून धरली, तरी हसू थांबेना. खालून इव्हेटला फक्त त्याचे बूट दिसत होते, तेही हलत होते.

दुपारी स्क्रू फिरला. नव्या गोळ्या आणायला ओडेल एकटा गेला. मिसेस कुबेनांनी नंतर सांगितलं की त्याने प्रत्येक पोत्यातली एकेक गोळी हुंगली आणि चावून पाहिली, आणि शेवटी निव्वळ ओकचंच पोतं घेतलं. हर्शेलला फोनही त्यानेच केला. "तुझी भट्टी घरीच ठेव," म्हणाला आणि त्याचं ऐकून न घेता ठेवून दिला.

*

जूनटीन्थच्या आदल्या संध्याकाळी इव्हेटने मीठमिरी चोळलेली ब्रिस्केटं जाळीवर ठेवली, जाड तोंडं त्या जाळणाऱ्या कोपऱ्याकडे. मग घरात जाऊन झोपली. पहाटे झाकण उचललं तेव्हा मांसावर काळी, खडबडीत साल धरली होती आणि बोटाने दाबलं तर ते आतून थरथरत होतं. तिने एकटीने, कुणी पाहत नसताना, स्वतःलाच मोठ्याने शाबासकी दिली. अजून थोडा धीर धरायचा होता. कागदात गुंडाळलं, आणखी शिजवलं, मग टॉवेलांत लपेटून बर्फाच्या रिकाम्या पेटीत मुरत ठेवलं.

कॉफी घेऊन ती पुन्हा बाहेर आली तेव्हा ओडेल जुन्या भट्टीपाशी होता. शेजाऱ्याकडून त्याने दोन ओंडके परत आणले होते आणि जाळाच्या पेटीत पेटवले होते. धुराड्यातून धूर वर चढत होता. रस्त्यावरून सहज दिसला असता.

"हे कशाला?"

"सॉसेज गरम करायला," तो म्हणाला आणि जाळ सारखा करू लागला.

सॉसेज गरम करायला घरात शेगडी होती. इव्हेटला सगळं कळलं. गणगोत येणार, धुराडं बघणार आणि काय समजायचं ते समजणार. ओडेलला खोटं बोलायचीही गरज पडणार नव्हती. तिला वाईट वाटलं. त्याहून वाईट याचं वाटलं की तिला त्याचा धड रागही येईना. हा माणूस मरणाच्या दारातून परत आला होता, आणि त्याच्याकडे मिरवण्यासारखं एवढंच होतं. ती टेबलं पुसायला गेली.

दुपारपर्यंत परस भरलं. लाल सोड्याच्या बाटल्या बर्फात पडल्या, पोरं नळीच्या पाण्यात भिजली. जो तो आधी धुराड्याकडे बघायचा आणि मग ओडेलचा हात दाबायचा. "ओडेल, गड्या, तुला कोण आजारी म्हणेल?" ओडेल नुसती मान डोलवायचा. काळ्या स्मोकरवर कुणीतरी कागदी ताटांचा गठ्ठा आणून ठेवला होता. इव्हेटने मांस कापायला काढलं तेव्हा गुलाबी कडा, रसाने निथळणारी फोड बघून लोक गप्प झाले. मिम्स गप्प होणं ही साधी गोष्ट नव्हे.

हर्शेलने फळीवरून कडेचा तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"हा हात ओडेलचाच!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "यंत्र आणलं होतं म्हणे. काय झालं त्याचं? शेवटी बापालाच उठून आग पेटवावी लागली ना? मी ईस्टरलाच सांगत होतो, पोरींनी आपलं सॅलड करावं."

लोक हसले. वाईट हेतूने नव्हे, हर्शेल बोलला की हसायची सवयच होती. इव्हेट सुरी चालवत राहिली. मान वर केली तर डोळ्यांतलं पाणी दिसेल असं तिला वाटलं, म्हणून तिने वर केली नाही.

"नावं घ्या रे," झोलाआत्या सावलीतून ओरडल्या. त्या ओडेलच्या आत्या, घराण्यात सगळ्यांत वयस्क, आणि त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. "मला भूक लागलीय."

ओडेल टेबलाच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. टोपी काढली.

"इझिकिएल."

"इथेच आहे!"

"अमोस."

"इथेच आहे!"

"रूबेन. लूथर." प्रत्येक नावाला परस दुमदुमलं. "ओडेल."

"इथेच आहे!" आणि सगळे ताटांकडे वळले.

"बसा खाली," ओडेल म्हणाला. "संपलेलं नाही अजून."

त्याने टोपी घातली नव्हती. ती तो दोन्ही हातांनी धरून होता.

"मी आज काहीही शिजवलेलं नाही. रात्रभर मी अंथरुणात घोरत पडलो होतो. त्या भट्टीत दोन ओंडके पेटवलेत ते तुम्ही मला शाबासकी द्यावी म्हणून. तुम्ही दिलीत, आभारी आहे. पण तुम्ही जे खाणार आहात ते माझ्या मुलीने केलंय. ज्यावर ताटं ठेवलीत ना, त्या काळ्या डबड्यात. आणि मी आजवर केलं त्यातलं कुठलंही याच्यापुढे ठेवायला मला भीती वाटेल."

"म्हणजे प्लगनेच केलंय ना," हर्शेल म्हणाला.

"प्लग तर तुझ्याही घरी आहे, हर्शेल. इतकी वर्षं त्यावर तू काय केलंस? टीव्ही पाहिलास."

आता लोक हसले ते वेगळं. हर्शेलची बायको सगळ्यांत जोरात हसली.

"मग नाव कुणाचं घ्यायचं?" झोलाआत्यांनी विचारलं.

"ज्याचं त्याने घ्यायचं, अशी रीत आहे. तिचं मी नाही घेणार." आणि ओडेल टेबलाच्या टोकावरून बाजूला झाला.

जागा रिकामी होती. इव्हेटने सुरी ठेवली, हात एप्रनला पुसले आणि ती तिथे जाऊन उभी राहिली. लहानपणी याची तिने किती तालीम केली होती, आरशापुढे, कोंबड्यांपुढे. आता मात्र आवाज बारीक निघाला.

"इव्हेट," ती म्हणाली.

कुणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांच्या जिभेला पुरुषांच्या नावांची सवय, ती क्षणभर अडखळली.

"मोठ्याने म्हण, पोरी," झोलाआत्या म्हणाल्या. "इझिकिएलला ऐकू जायला हवं."

इव्हेटने मान ताठ केली. तिला त्या क्षणी स्वतःचा इतका अभिमान वाटला की लाजायचंही राहून गेलं.

"इव्हेट मिम्स!"

आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने, टाके घातलेल्या छातीवर हात दाबून तिचा बाप ओरडला, "इथेच आहे!"